आमच्यात पद्धत हाय

दारात बसणाऱ्या माणसाला गोष्टी गोळा कराव्या लागत नाहीत. देवळाबाहेर चपला साठतात, तशा त्या आपोआप साठतात. नगरच्या एका सरकारी दवाखान्यात, लांब व्हरांड्याच्या अगदी टोकाला, एचआयव्हीच्या गोळ्या देतात त्या खोलीच्या दारात मी बारा वर्षं स्टुलावर बसलो. आता घरी असतो. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, म्हणून मी सांगतो आणि नात लिहून घेते. ती म्हणते, "आजोबा, जरा भरभर सांगा की!" भरभर मला कधी जमलं नाही.

नावं कुणाचीच सांगणार नाही. गावंसुद्धा मी इकडची तिकडं केली आहेत. तेव्हा खर्ड्याची म्हटलं म्हणून उद्या कुणी खर्ड्यात जाऊन चौकशी करत बसू नका!

* * *

मला कामावर घेतलं त्या दिवसाची गोष्ट. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "मामा, लिहिता-वाचता येतं का?"

मी मान खाली घातली. "न्हाई साहेब. अंगठा मारतो."

म्हटलं, गेली नोकरी. डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणजे आमच्या काउन्सेलर, आलेल्या माणसाला समोर बसवून धीर देणाऱ्या, समजावून सांगणाऱ्या. दोघं हसले. डॉक्टर म्हणाले, "मग हेच बरे!"

कारण मागाहून कळलं. माझ्या आधीचा शिपाई चांगला शिकलेला होता. फाइलीवरचं नाव वाचायचा आणि दुपारी चहाच्या टपरीवर सांगायचा. म्हणून त्याला काढला आणि नियम केला, की आमच्या दारात नाव पुकारायचं नाही. टोकन द्यायचं, नंबर पुकारायचा. आकडे तेवढे मला येत होते.

नावं नाहीत म्हटल्यावर बायका एकमेकींना गावावरून ओळखायच्या. दारासमोरच्या बाकावर तिघी नेहमीच्या. एक भिंगारची, शिलाईकाम करणारी. बुरखा काढून मांडीवर घडी घालून ठेवायची. जीभ तिच्या कात्रीसारखीच. दुसरी सोनईची, वयानं सगळ्यात लहान. आणि तिसरी खर्ड्याची, विधवा बाई, पहाटेची एसटी धरून यायची आणि बाकाच्या कडेला बसायची.

मी तिला एकदा विचारलं, "बाई, तिकडं जवळ गोळ्या मिळत्यात. एवढ्या लांब कशाला येता?"

"तिकडं दवाखान्यात माझ्या नात्यातली दोन मान्सं हायेत, मामा. हितं नगरात मला कुत्रं बी वळखत न्हाई. लई बरं वाटतं!"

* * *

खर्ड्याचीचं दुखणं गोळ्यांनी बरं होणारं नव्हतं. तिचं सोळाव्या वर्षी लग्न झालं. नवरा लग्नाआधीच तीनदा दवाखान्यात राहून आलेला. सासूला माहीत होतं, सासऱ्याला माहीत होतं. त्यांना वाटलं, लग्न केलं की पोरगं सुधारेल. पोरगं चार वर्षांत गेलं. गावात कावीळ सांगितली. दिरालाही कावीळच सांगितली. सासू-सासरेही मागोमाग गेले, आणि खरं काय ते माहीत असलेली ती एकटी उरली.

एकदा बाकावर बसल्या बसल्या ती सांगत होती, "मला बघाय आले तवा मला चालाय लावलं. सुईत दोरा ओवाय लावला. केस सोडून बघितले. एका म्हातारीनं तर दात बघितले."

भिंगारची म्हणाली, "आन् त्याचं काय बघितलं तुमच्या मान्सांनी?"

खर्ड्याचीनं जरा आठवलं. म्हणाली, "घड्याळ."

तिला एकच मुलगी. पोरीला लागण झाली नाही, एवढं एक देवानं भलं केलं. पोरगी एकोणीस वर्षांची झाली, बारावी झाली, आणि दीर स्थळं आणायला लागला. खर्ड्याचीच्या डोक्यात तेवढंच एक. पोरगी न तपासलेल्या मुलाला द्यायची नाही. पण मागायचं कसं?

"रिपोर्ट मागितला की विचारतील, ही आडानी बाई आसलं कुठं शिकली? आन् माझं उघडं पडलं, की पोरीला कोन दारात उभं करनार न्हाई. न मागावं, तर माझीच गत तिची."

एवढं बोलून ती उठायची, गोळ्या घ्यायची, आणि एसटीला जायची. दर महिन्याला.

* * *

सोनईची पहिल्यांदा आली ती सातव्या महिन्यात. गरोदर बाईचं रक्त तपासतातच, त्यात तिचं निघालं. बरोबर सासू होती. सासूचा आवाज व्हरांड्याच्या त्या टोकापासून ऐकू येत होता.

"हिनंच आनलं आमच्या घरात! म्हायेराहून घेऊन आली ही अवदसा!"

मॅडम बाहेर आल्या. शांतपणे म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मुलाची तपासणी केली का?"

"त्याची कशाला? तो काय गरोदर हाय?"

बाकावर भिंगारची फस्सकन हसली. मग सोनईचीकडं पाहिलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं. ती पोर भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. खर्ड्याची सरकली आणि तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तेव्हापासून त्या तिघींचा बाक झाला.

मुलगा हार्वेस्टरवर कामाला, वर्षातले आठ महिने परमुलखात. तीन आठवड्यांनी त्याला आणला. डॉक्टर म्हणाले, याचं जुनं दिसतंय, तब्येत बरीच उतरलीय. सासूनं एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा सुनेकडं. मग म्हणाली, "आन् मग हिला आदी कसं सापडलं?"

मॅडम म्हणाल्या, "कारण आधी हिला तपासलं."

बाळाला पुढं काही निघालं नाही. वेळेवर गोळ्या मिळाल्या की बाळं सुटतात. पुढं ती सासूच नातवाला कडेवर घेऊन यायची आणि मला विचारायची, "मामा, आज गर्दी लई हाय का?"

* * *

एक बाई फार नीटनेटकी यायची. काठापदराचं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. दवाखान्याच्या गेटबाहेर पांढरी गाडी उभी असायची. गाडीत तिचा मालक, काच वर करून. ती त्याचं कार्ड घेऊन रांगेत उभी राहायची.

मला म्हणाली, "मालकांच्या शुगरच्या गोळ्या न्यायच्यात."

आमच्या दारावर बोर्ड होता. तो तिलाही वाचता येत नव्हता आणि मलाही. पण मला त्याच्यावर काय लिहिलंय ते माहीत होतं, आणि बोलायची बंदी होती. त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

मॅडमनाही बंदीच. नवऱ्यानं सांगितल्याशिवाय बायकोला सांगायचं कसं? त्यांनी निरोप धाडला, की पुढच्या खेपेला स्वतः यावं लागेल. तो आला. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. मॅडमनी दार लावून तासभर त्याला समोर बसवलं. काय बोलल्या, देवाला ठाऊक. तो बाहेर आला तेव्हा उपरणं खाली आलेलं होतं आणि डोळे लाल होते. बायकोकडं न बघता म्हणाला, "तू बी ये आत. तुझं बी रगात दाखवू."

ती बाई माझ्याकडं वळली. चेहरा उजळला होता तिचा!

"बघा मामा! वीस वर्सांत पैल्यांदा मालक म्हनले, तुझी तब्येत दाखवू!"

* * *

गोळ्या घरात कुठं लपवायच्या, यावर आमच्या बाकावर जेवढी चर्चा झाली तेवढी विधानसभेत कशावर झाली नसेल.

सोनईची म्हणाली, तांदळाच्या डब्यात. पण सणावाराला भात लागतो, आणि जाऊ डबा उघडते. खर्ड्याची म्हणाली, देव्हाऱ्यामागं. पण दीर श्रावणात पूजेला बसतो, तेव्हा महिनाभर जागा बदलावी लागते.

भिंगारची हात झटकून म्हणाली, "येड्या हायेत तुमी! माझ्या घरात चार मर्द. मी पॅडच्या पाकिटात ठिवते. आठ वर्सं झाली. घरात चोर शिरला तरी त्याला हात न्हाई लावनार!"

मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडं बघत बसलो. ऐकूच आलं नाही मला!

* * *

माझ्या स्टुलाशेजारी भिंतीला एक डबा टांगलेला होता. निरोधची पाकिटं, फुकट, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावीत. पुरुष मूठभर घेऊन जायचे. बायका डब्याकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि निघून जायच्या.

शेवटी भिंगारचीनंच तोड काढली. "मामा, डोळे मिटा."

मी मिटले. डबा वाजला. "उघडा."

मग तशी रीतच पडली. बाई डब्यापाशी येऊन नुसती खाकरली, की मी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायचो. एके दिवशी नवे साहेब अचानक तपासणीला आले. बघतात तर मी डोळे मिटून बसलेला!

"अहो, झोपा काय काढताय?"

मी डोळे न उघडताच म्हणालो, "साहेब, ड्युटी करतोय."

मॅडमनी त्यांना आत नेऊन सगळं समजावलं. साहेब बाहेर आले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. पण या गोष्टीचं शेपूट वेगळं आहे. पुढच्याच महिन्यात एक बाई आली, ओठ फुटलेला. पाकिटं तिनं घरी नेली होती. नवरा म्हणाला, तुला ही अक्कल दिली कुणी? तिनं नेलेली सगळी पाकिटं परत डब्यात टाकली. त्या वेळी तिनं मला डोळे मिटायला सांगितलं नाही.

* * *

आता जरा स्वतःचं सांगतो. कामाला लागून सहा वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला सांगायचो, आज अमक्या नवऱ्याला कसं समजावलं, तमका कसा तयार होत नव्हता. माझी मार्था ऐकून घ्यायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आन् तुमची कधी झाली तपासनी?"

मी पटकन म्हणालो, "माझी कशाला?"

शब्द बाहेर पडले आणि मला सोनईचीची सासू आठवली. मार्था तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "दुसऱ्याला आत ढकलायचं, आन् आपन दारात बसायचं!"

तरी मी पंधरा दिवस टाळलं. काही केलेलं नव्हतं मी, तरी भीती वाटायची. मग एका सोमवारी दोघंही गेलो. सुई टोचताना मीच तोंड फिरवलं. मार्था बघत होती.

* * *

आणि मग खर्ड्याचीच्या पोरीला स्थळ आलं. मुलगा नगरच्या एमआयडीसीत कामाला, घरची जमीन, माणसं बरी वाटत होती. दिरानं रविवार ठरवूनही टाकला. बाकावर येऊन ती रडायलाच लागली.

"आता काय करू? मागू का न्हाई?"

भिंगारची म्हणाली, "म्हनायचं, आमच्यात पद्धत हाय."

"कुठं हाय?"

"म्हनली की हाय! सुई-दोऱ्याची तरी कुनी लिहून ठिवली हुती?"

मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "एक मात्र ध्यानात ठेवा. रिपोर्ट वाईट आला म्हणजे मुलगा वाईट, असं नसतं. गोळ्या घेऊन माणसं चांगला संसार करतात. पण दोघांनी सगळं जाणून ठरवायचं."

खर्ड्याचीनं डोळे पुसले. "मॅडम, मला तवा कुनी सांगितलं आसतं, तर कदाचित मी हो बी म्हनले आसते. पन मला कुनी इचारलंच न्हाई."

रविवारी आम्ही तिघं तिच्या घरी. सोनईची मावसबहीण म्हणून, भिंगारची नगरची मैत्रीण म्हणून, आणि मी मानलेला मामा म्हणून. पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. आई डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसली, ती बसलीच. पोहे झाले, चहा झाला. वडील म्हणाले, "मुलगी पसंत हाय. आता तुमचं काय आसंल ते बोला."

दीर तोंड उघडणार, तेवढ्यात खर्ड्याची म्हणाली, "दुसरं काय न्हाई. आमच्यात पद्धत हाय. लगनाआदी दोघांचं रगात तपासायचं. एचआयव्हीचं. पोरीचा रिपोर्ट तयार हाय."

आणि मुलीनं उठून स्वतःचा कागद पोह्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

दीर वहिनीकडं बघतच राहिला. मुलाच्या वडिलांचा चेहरा तांबडा झाला. "कसली पद्धत ही? मी पन्नास सोयरिकी जुळवल्या, कुठं ऐकली न्हाई!"

सोनईची मान खाली घालून म्हणाली, "आमच्या सोनईकडं तर हायच."

भिंगारची म्हणाली, "आमच्यात तर त्याबिगर काझीसाहेब कलम उचलत न्हाईत!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आयुष्यात मी खोटं फार बोललेलो नाही. घसा खाकरला आणि म्हणालो, "आमच्या चर्चचे पाळकसाहेब बी पैल्यांदा तेच इचारत्यात."

दिरानं इकडं तिकडं पाहिलं. चारी बाजूंनी पद्धत निघाल्यावर आपल्यालाच कशी माहीत नाही, हे त्याला कबूल करवेना. म्हणाला, "व्हय व्हय. आलीकडं हायच की!"

वडील उठले. "माझ्या पोरावर संशय घेता? चल रे!"

मुलगा मात्र बसून राहिला. साधं पोरगं. म्हणालं, "आप्पा, कंपनीत लागताना बी रगात घेतलंच की. हिनं दिलंय तर मी बी देतो. त्यात काय एवढं?"

वडील तणतणत बाहेर गेले. कोपऱ्यातली आई सगळ्यात शेवटी उठली. जाताना तिनं ताटाशेजारचा तो कागद उचलला, नीट घडी घालून मुलीच्या हातात दिला.

* * *

मी मुलाला बजावून सांगितलं होतं, की ही तपासणी कुठल्याही सरकारी दवाखान्यात होते. पण त्याची कंपनी नगरला आणि रजा अर्ध्या दिवसाची. सोमवारी सकाळी बघतो तर व्हरांड्यातून तोच येतोय! तपासणीची खोली आमच्या खोलीला लागूनच. आणि त्याच्या मागून पदर सावरत त्याची आई.

सोमवार म्हणजे गोळ्यांचा दिवस. बाकावर भिंगारची आणि सोनईची, दोघीही टोकन घेऊन बसलेल्या. खर्ड्याची त्या दिवशी यायची नव्हती, एवढंच काय ते नशीब. पण तिची मावसबहीण इथं, तिची मैत्रीण इथं आणि मामा दारात! बाईला शंका यायला आणखी काय पाहिजे? आणि ही घरी जाऊन एक शब्द बोलली, की खर्ड्याच्या पोरीचं लग्न संपलं.

मुलाचं लक्षच नव्हतं, तो घाईनं आत गेला. आईनं मात्र मला पाहिलं. मग बाकाकडं पाहिलं. मग दारावरचा बोर्ड पाहिला. तिला वाचता येत होतं.

मी स्टुलावरून उठलो. "ताई, मी हितं नोकरीला हाय," म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

भिंगारचीची जीभ मी पहिल्यांदाच गप्प झालेली पाहिली. सोनईची आपलं टोकन मुठीत लपवत होती.

मग ती आई बाकापाशी आली आणि म्हणाली, "जरा सरका की. माझे पाय दुखत्यात."

दोघी सरकल्या. ती मध्ये बसली. तासभर तिघी तशाच बसल्या. फक्त एकदा तिनं सोनईचीला विचारलं, "बाळ केवढं हाय तुझं?" आणि सोनईचीनं सांगितलं, "दोन वर्साचं. चांगलं हाय."

मुलगा कागद घेऊन बाहेर आला, हसत हसत. "आई, काय न्हाई निघालं! आता त्यांना फोन करतो."

आईनं कागद हातात घेतला, सावकाश सगळा वाचला आणि माझ्याकडं दिला. "मामा, हा तुमच्याच हातानं खर्ड्याला पोचवा. म्हनावं, जून लागायच्या आत तारीख धरू. पद्धत चांगली हाय तुमची."

मग ती मुलाला म्हणाली, "तू जा, टपरीवर च्या पी. मी येते मागून."

"तुला कशाला उशीर? चल की."

"जा म्हनलं ना. आन् आप्पांना फोन करू नको."

तो गेला. तो गेटाबाहेर जाईपर्यंत ती बघत राहिली. मग उठली, उजव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, आणि तपासणीच्या खोलीचं दार ढकललं.